गॅस बंद, स्वयंपाक चालू

पाण्याला आधण आलं, की त्यापुढे खालची आच नेमकं काय काम करते?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर थक्क करणारं आहे. आच मोठी केली की डाळ लवकर शिजेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उघड्या पातेल्यातलं पाणी एकदा खळखळू लागलं की त्याचं तापमान वाढायचं थांबतं. ज्योत दुप्पट करा, तिप्पट करा, पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडून राहतं. वरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. डाळीच्या दाण्याला त्या मोठ्या ज्योतीचा पत्ताही लागत नाही. आपल्या भोवतीचं पाणी किती गरम आहे, एवढंच त्याला कळतं.

आता थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे २५ अंशांवरचं तीन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला २२५ किलोकॅलरी. पण त्यातलं एकच लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर त्या वाफेने ५४० किलोकॅलरी नेलेल्या असतात! सगळं पाणी तापवायला जेवढी उष्णता लागली, तिच्या दुपटीहून जास्त. उघड्या पातेल्यात तासभर रटरटणाऱ्या आमटीखाली आपण जो गॅस जाळतो, त्यातला फार मोठा भाग असा छताकडे जातो, आणि उरलेला पातेल्याच्या कडांमधून स्वयंपाकघराच्या हवेत.

मग सरळ निष्कर्ष निघतो. आधण आल्यानंतरची आच अन्न शिजवत नसते, निसटून जाणारी उष्णता भरून काढत असते. निसटणं थांबवलं तर आच नको. गॅस बंद करा, अन्न शिजतच राहील. विजेवर चालणारा स्लो कुकर आज बाजारात मिळतो, पण त्याचं जे मूळ काम, म्हणजे अन्न उकळीच्या जवळपास कित्येक तास गरम ठेवणं, ते करण्याची सोय घरोघर आधीपासूनच आहे. ती कुठे आणि कशी आहे, हे पाहायला धामनोदसारखी जागा नाही.

राखेतली भट्टी

आग्रा-मुंबई रस्त्याने इंदूरकडून दक्षिणेला निघालं की माळव्याचं पठार संपतं, रस्ता घाट उतरतो आणि निमाडची सपाटी लागते. धामनोद तिथे आहे, जिल्हा धार. पुढे खलघाटला नर्मदा, पूर्वेला महेश्वर आणि उत्तरेला पठाराच्या कड्यावर मांडवगड. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून हे पठार चढल्या. १७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांनी माळव्याच्या सुभेदाराला हरवलं, आणि पुढे धारला व देवासला पवारांची संस्थानं उभी राहिली. त्यांच्या आगेमागे आलेली मराठी कुटुंबं इथलीच झाली. वरण-भात आणि पुरणपोळी ती बरोबर घेऊन आली होती, दाल-बाफले त्यांनी इथे आपलेसे केले.

बाफला करताना गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ घेतात, त्यात थोडं मक्याचं पीठ, तुपाचं मोहन, ओवा, हळद, मीठ. घट्ट मळून गोळे करतात आणि ते उकळत्या पाण्यात सोडतात. गोळा आधी तळाशी जातो, काही वेळाने वर तरंगतो. मग तो निथळून कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यांवर ठेवायचा आणि आळीपाळीने फिरवत गरम राखेत दडपायचा. बाहेरून खरपूस झाला की राख झटकून, फोडून, तुपात बुडवायचा.

यातली प्रत्येक कृती अचूक विज्ञान आहे. उकळताना गोळ्याच्या बाहेरच्या थरातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. पुढे निखाऱ्यावर हा ओलसर थर चटकन जळत नाही, कारण त्यातलं पाणी उडेपर्यंत त्याचं तापमान फार चढू शकत नाही. आतला गाभा मात्र अजून कच्चाच असतो. तिथपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गोळा दुप्पट जाड केला तर गाभ्यापर्यंत ऊब जायला चौपट वेळ. म्हणून जाड गोळ्याला भडका चालत नाही. भडक्यावर बाहेर कोळसा आणि आत कच्चं पीठ अशी गत होते. त्याला लागते मंद, खूप वेळ टिकणारी, चहूबाजूंनी सारखी आच. ती देते राख.

गोवरीत न पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू असतात. लाकूड फडफडून जळतं, गोवरी आतल्या आत धुमसते. जळता जळता तिच्याभोवती राखेचं कवच तयार होतं आणि ते आतल्या निखाऱ्याला प्राणवायू थोडा थोडाच मिळू देतं. निखारा आपल्याच राखेने आपली गती आवरतो! शिवाय हीच राख उष्णतेला बाहेर पडू देत नाही. फुफाटा वरून थंड दिसतो आणि आत कित्येक तास धगधगत राहतो. धार-झाबुआच्या भिल्ल वस्त्यांमध्ये मक्याच्या पिठाचे पानिये याच धगीवर, पानांच्या मधे दडपून भाजतात आणि उडदाच्या डाळीबरोबर खातात. वऱ्हाडातले रोडगे आणि खानदेशातली बट्टी ही याच कुळातली. रायगडातली पोपटी त्यांची चुलत बहीण. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, वांगी-बटाटे गच्च भरतात, तोंड पाल्यानेच बंद करतात, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांतलंच पाणी वाफ होऊन आत कोंडतं आणि शिजवतं.

जुन्या घरांतल्या चुलीला वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी होत असताना शेजारच्या वैलावर आमटी किंवा दूध ठेवलेलं असे. चुलीतून वाया जाणारी धग वैलाखालून जाई आणि तिथलं भांडं मंद आचेवर तासन्‌तास राही. एका जाळात दोन कामं होत, आणि दुसऱ्या कामाला इंधन लागतच नसे.

ऊब बांधून ठेवते ती हवा

राख असं काय करते? तिच्याजवळ स्वतःची काही जादू नाही. तिच्या कणाकणांमध्ये हवा अडकलेली असते, आणि स्थिर हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. पाण्यातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या साधारण चोविसाव्या भागाइतकीच स्थिर हवेतून जाते. अट एकच, हवा हलता कामा नये. मोकळी हवा तापली की वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते, आणि उष्णता वाहून नेली जाते. म्हणून हवेला बारीक बारीक कप्प्यांत अडवून ठेवायचं.

हे एकदा लक्षात आलं की घरातल्या निम्म्या वस्तू वेगळ्या दिसू लागतात. कापूस, लोकर, भुसा, कडबा, भाताचं तूस, गोधडी, थर्माकोल, लाकडाचा भुगा. दिसायला सगळं वेगळं, काम एकच, हवा अडवण्याचं. थंडीत आपण रजई घेतो तेव्हा रजई आपल्याला ऊब देत नाही. आपल्याच अंगाची ऊब ती जाऊ देत नाही. पातेल्याला रजईत गुंडाळलं तर पातेल्याचीही ऊब जाणार नाही.

निमाड तर कापसाचाच मुलूख. धामनोदच्या आसपासच्या काळ्या मातीत पिकणारा, बाजारात गाड्या भरभरून येणारा हा कापूस उष्णता अडवणाऱ्या उत्तम पदार्थांपैकी एक आहे. त्याचा तंतू आतून पोकळ आणि पिळदार असतो, त्यामुळे पिंजलेला कापूस दडपला नाही तर त्यात बहुतांश हवाच भरलेली असते. वेचणीच्या दिवसांत घरातल्या बायका सकाळीच शेतावर जातात. निघण्याआधी डाळीला आधण आणून पातेलं कापसाच्या पेटीत ठेवलं, तर परत येईपर्यंत ते कुणी बघायला नको, लाकडं सरकवायला नको, धूर नको. शेतात पिकणारी वस्तूच घरात चूल होऊन बसते, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि ते ज्ञान जपण्यासारखं आहे, असं मनापासून वाटतं.

हवा अजिबात काढून टाकली तर? ते पाऊल स्कॉटलंडच्या जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये उचललं. दोन काचांच्या मधली हवा काढून त्याने निर्वात बाटली केली. तिचाच पुढे थर्मास झाला. घरात रुंद तोंडाचा चांगला थर्मास असेल तर तोही मंद शिजवण्याचं उत्तम साधन आहे. आधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं, म्हणजे त्याच्या आतल्या भिंती तापतात. ते ओतून टाकायचं. मग खळखळ उकळी आलेला दलिया किंवा तांदळाची पेज त्यात काठोकाठ भरून घट्ट झाकायचं. दोन-तीन तासांत मऊ, गरम न्याहारी तयार.

दाण्याच्या आत

पण उकळी नसताना अन्न शिजतं कसं? कारण शिजणं म्हणजे उकळणं नव्हे. तांदूळ, गहू, डाळी यांतला स्टार्च साधारण ६० ते ८० अंशांच्या मधेच पाणी पिऊन फुगतो. डाळीच्या आणि भाज्यांच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांच्या आसपास सुटू लागतं. ते सुटलं की डाळ मऊ होते. बोकडाच्या मटणातले चिवट कोलॅजेनचे धागे ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. रश्शाला जो दाटपणा आणि ओठांना जो चिकटपणा येतो, तो या जिलेटिनचा. यातल्या कशालाही १०० अंशांची सक्ती नाही. सक्ती आहे ती वेळेची.

तापमान आणि वेळ यांचा व्यवहार ठोकळमानाने असा मांडता येतो, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर शिजायला लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी साधारण १२० अंशांवर उकळतं. तिथे एखादी भिजवलेली डाळ पंधरा मिनिटांत होत असेल तर उघड्या पातेल्यात १०० अंशांवर तिला तासभर लागेल, ९० अंशांवर दोन तास, ८० अंशांवर चार. हा कायदा काटेकोर नाही, प्रत्येक धान्य थोडं वेगळं वागतं, पण अंदाज बांधायला पुरतो. प्रेशर कुकर वेळ वाचवतो आणि त्याबद्दल तापमान घेतो. उबेची पेटी तापमान कमी घेते आणि त्याबद्दल वेळ मागते. ज्या वेळी आपण झोपलेले असतो, शेतावर असतो, कचेरीत असतो, तो वेळ तिला दिला तर आपलं काहीच जात नाही.

हा हिशेब भूगोलातही दिसतो. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश. धामनोदच्या सपाटीवर पाणी ९९ अंशांच्या वर उकळतं, तर वर मांडवगडावर ९८ च्या आसपास. दीड अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वरच्या हिशेबाने गडावर डाळीला दहाएक टक्के जास्त वेळ द्यावा लागतो. त्याच मांडवगडावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान गियासशाह खिलजी आणि त्याचा मुलगा नासिरशाह यांच्या दरबारी ‘निमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ तयार झाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या चित्रांत मिशीवाला सुलतान स्वतः समोर बसून स्वयंपाक करवून घेताना दिसतो. राजानेही आपला वेळ चुलीजवळ घालवावा, इतकं शिजवणं तिथे मोलाचं मानलं जात होतं.

दूरदूरचे सोबती

ऊब कोंडून शिजवण्याची ही युक्ती जगात ठिकठिकाणी आपापली सापडलेली आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी लोकांनी कुतूहलाने पाहिली. लाकडी खोका, आतून जाड नमद्याचं अस्तर, मधोमध झाकणाचं भांडं. उकळी आणून भांडं आत ठेवायचं आणि विसरून जायचं. पुढे युरोपात त्याच तत्त्वावर सुक्या गवताच्या पेट्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात इंधन मोजून मिळू लागलं तेव्हा ब्रिटनमधल्या घरांत या गवतपेट्यांचा जाहीर प्रचार झाला.

विजेचा स्लो कुकरही अशाच एका आठवणीतून आला आहे. अमेरिकेतला संशोधक अर्विंग नॅक्सन याने लिथुएनियातल्या आपल्या कुटुंबाची गोष्ट ऐकली होती. ज्यू घरांत शनिवारी चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कडधान्य आणि मांसाचं भांडं गावातल्या पावाच्या भट्टीत ठेवत. विझत जाणाऱ्या भट्टीची ऊब ते रात्रभर शिजवत असे. नॅक्सनने त्या भट्टीच्या जागी विजेची तार आणली आणि १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९७१ पासून त्याचं यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघर गेलं. म्हणजे जे यंत्र आज बाजारात मिळतं, ते स्वतःच विझत्या भट्टीची नक्कल आहे. मूळ वस्तू आपल्याजवळ आहेच.

भारतात १९१० मध्ये कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मलिक यांनी इकमिक कुकर केला. उंच डब्यात एकावर एक भांडी, खाली थोडे कोळसे. भात, डाळ, भाजी एकाच वाफेवर हळूहळू शिजे आणि बघायला कुणी लागत नसे. प्रवासी आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना तो वरदान वाटला. त्याच विचाराचं आजचं मराठी रूप म्हणजे ‘सराय’. डॉक्टर आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, या संस्थेने तो विकसित केला. ऊस तोडल्यावर शेतात उरणारं पाचट शेतकरी पेटवून देत. या संस्थेने त्यापासून कांडी कोळसा करण्याची पद्धत बसवली, आणि त्या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. सरायमध्ये तळाला हा कोळसा पेटवतात. त्याची गरम हवा आतल्या भांड्यांच्या चळतीभोवती फिरून वर जाते. १००-१५० ग्रॅम कोळशात पाच माणसांचा वरण-भात-भाजी होते. मूठभर कोळसा! बाहेरचं आवरण ऊब जाऊ देत नाही, म्हणूनच एवढ्याशा इंधनात हे जमतं.

आणि धामनोदचं ऊन? तेही चूलच. काळी रंगवलेली भांडी, वर दोन काचा, झाकणाला आरसा, आणि भिंतींत पुन्हा तीच अडकवलेली हवा. अशा सौरपेटीत चांगल्या उन्हाला तापमान शंभरच्या पुढे जातं आणि खालून ज्योत नसल्यामुळे अन्न सहसा करपत नाही, ढवळावं लागत नाही. इंदूरच्या बरली ग्रामीण महिला विकास संस्थेत १९८५ पासून धार-झाबुआसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी मुली शिकायला येत आल्या आहेत. तिथे जनक पलटा मॅकगिलिगन आणि त्यांचे पती जिमी मॅकगिलिगन यांनी स्वयंपाकघर सूर्यावर चालवून दाखवलं. जनकताईंना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. धुरात डोळे चोळत वाढलेल्या मुलींनी उन्हावर शिजलेला भात वाढणं, ही गोष्ट कुठल्याही मोठ्या शोधाइतकीच मोठी आहे.

घरी कसं करायचं

एक मोठा खोका, टोपली किंवा पत्र्याची कोठी घ्या. तळाशी चार बोटं ते वीतभर जाडीचा कापूस, जुनी गोधडी किंवा तूस भरलेली पिशवी पसरा. मधे पातेल्याच्या मापाची खोबण ठेवा, कडांना तितकंच जाड अस्तर द्या आणि वर ठेवायला कापूस भरलेली जाड उशी शिवा. ऊब वरच्या बाजूने सर्वांत जास्त पळते, म्हणून उशी कडांपर्यंत गच्च बसली पाहिजे. कापूस ओला झाला की त्यातल्या हवेची जागा पाणी घेतं आणि सगळा खेळ संपतो. म्हणून पातेल्याचं झाकण घट्ट हवं आणि पातेल्याला एक सुकं फडकं आधी गुंडाळावं.

पातेलं जाड बुडाचं आणि तीन चतुर्थांशाहून जास्त भरलेलं असावं. इथे मोठं भांडं जिंकतं. आकार वाढला की आतल्या अन्नाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो आणि ऊब हळू जाते. वाटीभर आमटी पेटीत ठेवली तर तासाभरात कोमट होईल. दोन लिटरच्या वर असेल तरच या पद्धतीची मजा कळते.

सुरुवात मुगाच्या खिचडीने करा. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, फोडणी द्या, पाणी घाला. पेटीत वाफ उडत नाही, म्हणून पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी लागतं. झाकण ठेवून खळखळून उकळी येऊ द्या, पाच मिनिटं तशीच चालू द्या, म्हणजे दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचते. मग गॅस बंद करून पातेलं लगेच पेटीत ठेवा आणि तासभर उघडू नका. झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरायलाच हवा, कारण प्रत्येक उघडण्याला अंशांची किंमत आहे. तूरडाळ भिजवून पंधरा मिनिटं उकळली तर दोन-अडीच तास घेते. हरभरे आणि हुलगे रात्रभर भिजवावे, अर्धा तास उकळावे आणि चार-पाच तास ठेवावे. मटण नीट उकळून ठेवलं तर चार तासांत हाडापासून सुटतं.

चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावरच घाला. आंबटपणात पेक्टिन सुटायला तयार होत नाही आणि डाळ तासन्‌तास टणक राहते. जड पाण्यातल्या कॅल्शियमचाही परिणाम असाच होतो. चिमूटभर खायचा सोडा तो मोडतो, हे आपल्या घरांत पूर्वीपासून माहीत आहे.

पेटी करायची नसेल तर रोजचा कुकरही पुरतो. शिट्ट्या मोजत बसण्याऐवजी पूर्ण दाब आला की आच बारीक करून थोडा वेळ ठेवा, गॅस बंद करा आणि कुकर गोधडीत गुंडाळून वाफ आपोआप जिरू द्या. प्रत्येक शिटी म्हणजे विकत घेतलेली उष्णता बाहेर सोडणं. जाड पातेल्याखाली तवा ठेवून, झाकणात पाणी घालून, अगदी बारीक आचेवर ठेवणं हाही एक मार्ग आहे. ओव्हन असेल तर ११०-१२० अंशांवर झाकलेलं भांडं निवांत तीन-चार तास राहू शकतं.

दोन गोष्टी मात्र जिवाशी बांधून ठेवाव्यात. पहिली राजम्याची. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. खळखळत्या उकळीत ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या मंद उबेत टिकून राहतं. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावं, नव्या पाण्यात अर्धा तास जोरात उकळावा आणि मगच पेटीत ठेवावा. दुसरी गोष्ट तापमानाची. ६० अंशांच्या खाली अन्नात जंतू वाढू लागतात. स्वयंपाकघरात वापरायचा साधा थर्मामीटर घ्या. पेटी उघडल्यावर अन्न ६० च्या वर असेल तर पुन्हा एक उकळी आणून वाढा. त्याखाली गेलेलं, विशेषतः भात आणि मटण, किती वेळ तसं होतं हे माहीत नसेल तर खाऊ नका. आणि कोळशाची कोणतीही शेगडी बंद खोलीत पेटवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.

या पद्धतीने शिजलेल्या डाळीचा दाणा अख्खा दिसतो आणि जिभेवर ठेवला की लोण्यासारखा पसरतो. खळखळ नसल्यामुळे तो फुटत नाही, आणि झाकण बंद असल्यामुळे हिंगाचा, जिऱ्याचा वास छताकडे जात नाही, भांड्यातच राहतो. एवढी चव मिळावी आणि गॅसही वाचावा, असा सौदा रोज कुठे मिळतो? एका रविवारी घरातल्या मुलांना हाताशी घ्या, त्यांच्याकडून पेटी भरवा, दर तासाला थर्मामीटरने माप घ्यायला लावा आणि कागदावर आलेख काढायला सांगा. बाजूला तितकंच उकळतं पाणी साध्या पातेल्यात उघडं ठेवा. दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना पाहिल्या की उष्णता ही किती खरी, मोजता येणारी, सांभाळून ठेवता येणारी वस्तू आहे, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळेल. आणि खिचडी तर होईलच.